दाताच्या दवाखान्यात पाकीट तुमच्यासमोर फोडलं का?

शेवंती

गेल्या मंगळवारी सासूबाईंना दाढ काढायला घेऊन गेले. दवाखाना नवा आहे. काचेचं दार, एसी, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो. त्यांचं वय ७१, मधुमेह आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून मी आत स्टुलावर बसले. आमच्या आधीचा पेशंट तोंडात बोळा धरून नुकताच बाहेर गेला होता. मदतनीस मुलीने त्याचा ट्रे उचलला, पकड आणि आरसा नळाखाली धरला आणि स्टीलच्या डब्यातल्या हिरवट-पिवळ्या पाण्यात टाकला. सासूबाईंना भुलीचं इंजेक्शन दिलं. ओठ जड व्हायची वाट बघत होतो, तेवढ्यात तिने तीच पकड डब्यातून काढली, कापसाने पुसली आणि ट्रेमध्ये ठेवली. पकडीचे दोन पाय जिथे एकमेकांवर फिरतात त्या सांध्यात तपकिरी रेघ होती. गंज होता की रक्त, मला सांगता येणार नाही.

मी विचारलं, "डॉक्टर, हे उकळलेलं आहे ना?" ते म्हणाले, "अहो, सगळं केमिकलमध्ये असतं, काळजी करू नका." त्यांना इतकी घाई होती की मी गप्प बसले. बाई तोंड उघडून बसलेल्या, अर्धा जबडा बधिर, त्यांना उठवून नेणार तरी कुठे? दाढ निघाली, रक्त थांबलं, घरी आलो. पण ती रेघ डोळ्यांसमोरून जात नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्यांच्या काही तपासण्या करायला हव्यात का? आणि पुढच्या वेळी आत गेल्यावर नेमकं काय बघायचं, काय विचारायचं? या क्षेत्रातल्या कुणी असेल तर कृपया लिहा. दवाखान्याचं नाव मी इथे लिहिणार नाही.

अंगण

विचारायलाच हवं होतं तुम्ही, आणि विचारलंत. आम्ही इतकी वर्षं तोंड उघडून पडून राहतो आणि छताकडे बघतो. प्रतिसाद वाचायला थांबले आहे.

कातळ

शेवंतीताई, मी दंतवैद्य आहे. कोकणात तालुक्याच्या गावी सतरा वर्षं दवाखाना चालवतोय.

आधी सासूबाईंचं. घाबरू नका. अशा एका प्रसंगातून काही लागण्याची शक्यता कमी असते, पण शून्य नसते. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना जे पाहिलंत ते जसंच्या तसं सांगा. हेपटायटिस बी, हेपटायटिस सी (हे दोन यकृताचे संसर्ग) आणि एचआयव्ही या तीन चाचण्या ते सांगतील. आज केलेली चाचणी मंगळवारबद्दल काही सांगत नाही, आधीपासून काही नव्हतं एवढंच त्यातून कळतं. म्हणून ती काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते, हेपटायटिस बी तर सहा महिन्यांपर्यंतही उशिरा दिसू शकतो. बीची लस घेतलेली नसेल तर तीही लगेच विचारा, या बाबतीत दिवस महत्त्वाचे असतात.

आता तो डबा. ते बहुधा २ टक्के ग्लुटराल्डिहाइड हे जंतुनाशक असावं. त्यात वस्तू खरोखर निर्जंतुक व्हायला १० तास पूर्ण बुडालेली असावी लागते, तीही आधी ब्रशने घासून स्वच्छ केल्यावर. दोन पेशंटांच्या मधल्या पाच-दहा मिनिटांत तसं काही होत नाही. सांध्यात रक्त वाळलेलं असेल तर द्रव त्याच्या आत पोचतही नाही. आणि दाढ काढायची पकड मुळात त्या डब्यात असूच नये. कुठल्या वस्तूला किती शुद्धता लागते याची जी विभागणी जगभर वापरतात ती स्पॉल्डिंग या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाची, १९६८ पासून तीच चालत आली आहे. जे हाडात, हिरडीत, रक्तात शिरतं ते उष्णतेने निर्जंतुकच झालं पाहिजे. जे तोंडाच्या आतल्या त्वचेला फक्त टेकतं त्यालाही शक्य तिथे उष्णताच. खुर्ची, दिव्याची मूठ, एक्स-रे नळीचं टोक हे पुसलं किंवा प्लास्टिकने झाकलं तरी चालतं. पकड पहिल्या वर्गात येते, यात दुमत नाही.

उष्णता म्हणजे ऑटोक्लेव्ह. नुसतं उकळणं नव्हे. पाणी १०० अंशाला उकळतं आणि काही जीवाणूंचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेलं त्यांचं रूप, तेवढं सहज सोसतात. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ १२१ अंशांना जाते. पाकिटात भरलेल्या सामानाला त्या तापमानात साधारण ३० मिनिटं लागतात, १३४ अंशांच्या यंत्रात तीन-चार मिनिटं. वर तापायला आणि वाळायला लागणारा वेळ वेगळा.

आई-आजी कुकर लावताना काय सांगायच्या आठवतंय? वाफेची धार नीट आल्याशिवाय शिट्टी ठेवू नको. कारण आत हवा कोंडलेली राहिली तर दाब दिसतो पण डाळ कच्ची राहते. ऑटोक्लेव्हमध्येही तेच आहे. साध्या, कुकरच्या आकाराच्या यंत्रात हवा आपली आपण बाहेर ढकलली जाते. घन वस्तूंना ते चालतं. पण ज्या वस्तूच्या पोटात नळी आहे तिच्यातली हवा तशी निघत नाही. त्यासाठी पंपाने हवा ओढून घेणारं यंत्र असतं, त्याला आमच्याकडे क्लास बी म्हणतात.

पोटात नळी असलेली आमची सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे एअरोटर, म्हणजे दात कोरायचा, सूं सूं आवाज करणारा हँडपीस. तो मिनिटाला लाखांत फिरतो आणि पायाखालचं बटण सोडलं की थांबताना तोंडातलं पाणी, लाळ, रक्त थोडं आत ओढून घेऊ शकतो. पुढच्या तोंडात ते बाहेर येतं. बाहेरून स्पिरिटने पुसून हे जात नाही. प्रत्येक पेशंटनंतर तो ऑटोक्लेव्ह व्हायलाच हवा.

तर पुढच्या वेळी हे बघा. हत्यारं बंद पाकिटातून यायला हवीत, एक बाजू कागद, एक बाजू पारदर्शक. ते पाकीट तुमच्यासमोर फोडायला हवं. त्यावर एक खूण असते, वाफेत गेल्यावर तिचा रंग बदलतो. आणि हँडपीसही पाकिटातूनच निघाला का, हे आवर्जून बघा. बऱ्याच ठिकाणी पकड पाकिटातून येते आणि एअरोटर मात्र सकाळपासून खुर्चीला लटकलेला असतो. माझ्या धंद्यातली ही सगळ्यात मोठी चूक आहे असं माझं मत आहे, आणि ते लिहायला मला संकोच वाटत नाही.

वळीव

कातळ डॉक्टरांनी पाकिटाचं सांगितलं, मी पाकिटाच्या आधीचं सांगते. पुण्यात सहा वर्षं दाताच्या दवाखान्यात असिस्टंट होते. कोर्स वगैरे केला नव्हता. बारावीनंतर लागले आणि आधीच्या ताईने शिकवलं तसं करत गेले.

पहिली दोन वर्षं मीही शेवंतीताईंनी पाहिलं तेच करायचे. मुद्दाम नाही. कुणी सांगितलंच नव्हतं की धुणं, पुसणं आणि निर्जंतुक करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मग दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथल्या मॅडमनी पहिल्या दिवशी मला एक स्केलर, म्हणजे दात खरवडून साफ करायचं हत्यार, दिला आणि म्हणाल्या, याच्या टोकाला नख लावून बघ. नुसत्या डोळ्यांना तो लख्ख दिसत होता. नखाला खरखर लागली. सिमेंटसारखा चिकटलेला टार्टर, दातावरचा कडक थर. त्या म्हणाल्या, याच्या खाली जे आहे त्याला वाफ लागणार नाही. त्या दिवसापासून माझं काम बदललं.

खरी पद्धत अशी: हत्यार वापरून झालं की वाळू द्यायचं नाही, लगेच पाण्यात किंवा एन्झाइमच्या द्रावणात. जाड रबरी हातमोजे, एप्रन, डोळ्यांना चष्मा. पातळ हातमोज्यांनी कधीच नाही, टोचतं. लांब दांड्याचा ब्रश, आणि घासताना हत्यार पाण्याखाली, म्हणजे शिंतोडे तोंडावर येत नाहीत. पकड, कात्री उघडी करून सांधा घासायचा. मग अल्ट्रासॉनिक मशीन, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ सोडवणारं यंत्र, असेल तर त्यात. मग धुवून पूर्ण कोरडं. मग पाकिटात, वर तारीख. ऑटोक्लेव्हमध्ये पाकिटं एकावर एक ठासायची नाहीत, उभी ठेवायची. आणि बाहेर काढल्यावर ओली असतील तर ती गेली, पुन्हा नव्याने करायची, कारण ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. संध्याकाळी बाहेर दहा पेशंट बसलेले असताना ओलं पाकीट बाजूला ठेवणं किती जड जातं ते मला माहीत आहे. यंत्राला घाई करता येत नाही. डॉक्टर "झालं का" म्हणून हाक मारतात आणि मुलगी झाकण उघडते.

म्हणून शेवंतीताई, तुम्ही पाहिलेल्या त्या मुलीवर फार रागावू नका. तिला कुणीतरी शिकवायला हवं. आणि तिला हेपटायटिस बीची लस दिलीय का, हेही कुणीतरी विचारायला हवं. ०, १ आणि ६ महिने, अशी तीन इंजेक्शनं असतात. मला ती कामाला लागून चौथ्या वर्षी मिळाली, आणि त्याआधी दोनदा सुई टोचली होती.

कातळ

वळीव, नखाची गोष्ट मी उद्या माझ्या दवाखान्यात सांगणार आहे.

सुईबद्दल एक भर. ज्याच्या रक्तात हेपटायटिस बी जोरात आहे त्याची सुई लस न घेतलेल्याला टोचली तर लागण होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीच्या बाबतीत ती साधारण ०.३ टक्के असते. लोक एचआयव्हीला घाबरतात आणि बीची लस घेत नाहीत. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस घ्यावी लागतात.

सुपारी

सगळं पटतंय, पण एक मांडतो. आमच्या गावात दोनशे-तीनशे रुपयांत दात काढून मिळतो. शेतमजूर बाया येतात, रोज बुडवून येतात. पाकिटं, क्लास बी मशीन, चार-पाच हँडपीस हे सगळं केलं तर तो दात हजाराला जाईल. मग त्या बाया येणारच नाहीत, दाढेत लवंग धरून बसतील आणि तोंड सुजल्यावर जिल्ह्याला जातील. स्वच्छता नको असं मी म्हणत नाही. पण गरिबाला परवडेल अशी स्वच्छता कशी करायची, हे कुणी सांगेल का?

कातळ

सुपारी, तुमचा प्रश्न मला रोज पडतो, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्याकडेही काजू सोलायला जाणाऱ्या बाया येतात.

दात काढायला एअरोटर बहुतेक वेळा लागत नाही. लागतो तो आरसा, प्रोब (टोकदार सळई), चिमटा, एलिव्हेटर (दात सैल करायचं हत्यार) आणि पकड. या सगळ्या घन वस्तू आहेत. साधा, कमी किमतीचा ऑटोक्लेव्ह त्यांना पुरतो. पाकिटाला दोन-चार रुपये. दिवसाला जितके दात काढता त्याच्या निम्मे संच असले आणि दुपारी एक फेरी लावली तर भागतं. म्हणजे खर्च पेशंटमागे फार वाढत नाही. एकदाच खिशाला चाट बसते, ती संच विकत घेताना. मी सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे तीन संच होते. दर महिन्याला एक घेत गेलो. सुरुवातीला मी सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन इतकेच दात काढायचो, बाकीच्यांना उद्या या म्हणायचो. दवाखाना बंद पडला नाही.

हँडपीस महाग आहे आणि वाफेने त्याचं आयुष्य कमी होतं हे खरं. पण तेल नीट घातलं तर टिकतो. आणि ज्याला एसी आणि काचेचं दार परवडतं त्याला दोन हँडपीस जास्तीचे परवडतात.

शिवाय काही चुका अशा आहेत की त्या सुधारायला एक पैसा लागत नाही. भुलीची ३० मिलीची बाटली आपल्याकडे सर्रास वापरतात. एका पेशंटला २ मिली टोचलं, भूल कमी पडली, तर तीच वापरलेली सिरिंज पुन्हा बाटलीत खुपसून औषध भरायचं, हे मी इंटर्नशिपमध्ये डोळ्यांनी पाहिलंय. सुई बदलली तरी सिरिंजच्या पोटात मागे आलेलं रक्त असू शकतं, आणि ते आता बाटलीत गेलं. त्या बाटलीतून दिवसभर किती जणांना टोचणार? दुसऱ्यांदा भरायचं तर सुई नवी आणि सिरिंजही नवी. सिरिंजला किती पैसे पडतात? किंवा १.८ मिलीचं कार्ट्रिज वापरायचं, एका माणसाला एक, उरलं तर फेकायचं.

तसंच हातमोजे घालून मोबाइल उचलणं, खण उघडणं, केसपेपरवर लिहिणं. हातमोजे डॉक्टरला वाचवतात, पेशंटला तेव्हाच वाचवतात जेव्हा ते तोंडाखेरीज कुठेही लागत नाहीत.

सूक्ष्मा

मी सूक्ष्मजीवशास्त्राची, नागपूरला प्रयोगशाळेत काम करते. कातळ यांच्या शेवटच्या दोन परिच्छेदांना धरून एक घटना सांगायलाच हवी. ती आपल्या देशातली आणि अगदी अलीकडची आहे.

२०२३ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुपत्तूर जिल्ह्यात, वाणियंबाडीच्या आसपास, लोकांना ताप, डोकेदुखी, चेहऱ्याचा लकवा, शुद्ध हरपणं असं होऊ लागलं. तपासात निघाला मेलिऑयडोसिस. त्याचा जीवाणू बर्कहोल्डेरिया सूडोमॅलाय माती-पाण्यात राहतो. एरवी तो जखमेतून किंवा श्वासातून जातो, पण इथे मेंदूवर गेला होता. शोध घेत तपास पथक एका दाताच्या दवाखान्यापर्यंत पोचलं. तिथे उपचार घेतलेल्या दहा जणांना हा आजार झाला होता आणि त्यातले आठ जण दगावले. २०२५ मध्ये याचा शास्त्रीय अहवाल प्रसिद्ध झाला. कारण वाचून मी खुर्चीत बसून राहिले. जखम धुवायची सलाइनची बाटली हिरडी सोडवायच्या हत्याराने, पेरिऑस्टील एलिव्हेटरने, उघडायचे. नंतर ती सैल बंद करून ठेवायचे आणि पुढच्या पेशंटला त्यातलंच पाणी.

बाटलीचं बूच. त्यात ना महागडं यंत्र होतं, ना पैशांचा प्रश्न. लहान बाटली घ्यायची, एका माणसाला वापरायची, उरलेलं ओतून द्यायचं.

हा जीवाणू फक्त तमिळनाडूत आहे असं समजू नका. पश्चिम किनारपट्टीवर, कर्नाटकात उडुपी-मणिपालकडे, दर पावसाळ्यात त्याचे रुग्ण सापडतात. आणि मधुमेह असलेल्यांना तो जास्त गाठतो. शेवंतीताई, तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. पण सासूबाईंना पुढच्या काही आठवड्यांत ताप, एका बाजूचा चेहरा ओढल्यासारखा वाटणं, जोराची डोकेदुखी असं काहीही झालं तर डॉक्टरांना दाढ काढल्याचं आधी सांगा.

शेवंती

सूक्ष्मा, लक्षात ठेवते. अजून ताप नाही. उद्या रक्त द्यायला जाणार आहोत. लसीचंही विचारलं, डॉक्टर म्हणाले उद्याच पहिली देऊ.

त्या खुर्चीच्या पाण्याचं काय? तोंडात फवारा मारतात ते पाणी कुठून येतं?

सूक्ष्मा

चांगला प्रश्न. काही खुर्च्यांना थेट नळाचं किंवा गच्चीवरच्या टाकीचं पाणी जोडलेलं असतं, काहींना वेगळी बाटली असते. नळी अगदी बारीक, आणि रात्रभर, रविवारभर पाणी त्यात उभं. अशा नळीच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. पाण्याच्या माठाला आतून हात फिरवल्यावर जसा लागतो, तसाच, फक्त हात घालून घासता येत नाही. त्याला बायोफिल्म म्हणतात. साध्या कामाच्या पाण्यात एका मिलीत ५०० पेक्षा जास्त जीवाणू नसावेत असा मानदंड अमेरिकेत पाळतात. आमच्याकडे एकदा एका दवाखान्याने तपासायला दिलेल्या नमुन्यात वसाहती मोजता येईनात, अख्खी प्लेट भरलेली. त्या डॉक्टरांनी स्वतःहून नमुना दिला होता म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

हे पाणी गिळलं तर निरोगी माणसाला बहुधा काही होत नाही. पण २०११ मध्ये इटलीत ८२ वर्षांच्या बाई लिजिओनेअर्स या फुप्फुसाच्या आजाराने गेल्या, आणि तो जीवाणू त्यांच्या दंतवैद्याच्या खुर्चीच्या पाण्यात सापडला. अमेरिकेत जॉर्जियात २०१५ ला आणि कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला २०१६ ला लहान मुलांच्या दुधाच्या दातांची नस काढताना असंच पाणी वापरलं गेलं. मायकोबॅक्टेरियम या पाण्यात सापडणाऱ्या जीवाणूचा संसर्ग जबड्यात गेला आणि कितीतरी मुलांवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. म्हणून हाड उघडं पडणार असेल तिथे खुर्चीचं पाणी अजिबात नाही, फक्त निर्जंतुक सलाइन. बाकी वेळी नळीत ठरावीक औषध घालायचं, आणि प्रत्येक पेशंटच्या आधी २०-३० सेकंद पाणी नुसतं सोडून द्यायचं. हे तुम्हालाही दिसतं. डॉक्टर किंवा मदतनीस फवारा बेसिनमध्ये धरून उभे राहतात का, बघा.

आणि लाळ ओढायच्या नळीभोवती ओठ घट्ट मिटू नका. तसं केलं तर आतलं थोडं उलट तुमच्या तोंडात येऊ शकतं. हे पेशंटला कुणी सांगत नाही.

पारिजातक

मी इंग्लंडमध्ये डेंटल नर्स आहे, माहेर साताऱ्याचं. इथे सरकारची एचटीएम ०१-०५ नावाची मार्गदर्शिका आहे आणि आमचं अर्धं काम त्यावर चालतं. धुण्याची जागा वेगळी आणि तिथे दिशा ठरलेली, मळकं एका बाजूने येणार, स्वच्छ दुसऱ्या बाजूने जाणार, उलट कधीच नाही. धुतल्यावर प्रत्येक हत्यार दिव्याच्या भिंगाखाली बघायचं. वळीव यांच्या मॅडमचं नख आणि आमचं भिंग एकाच कामाचं. अल्ट्रासॉनिक मशीन चालतंय का हे बघायला त्यात अॅल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या धरतो, काम नीट असेल तर फॉइलवर सगळीकडे सारखे खड्डे आणि भोकं पडतात. हे भारतात कुणीही घरच्या फॉइलने करू शकेल. रोज सकाळी ऑटोक्लेव्हची नोंद वहीत, सहीसकट. तपासणीस कधीही येतात आणि आधी ती वही मागतात.

कातळ

इथे तशी तपासणी करायला दारात कुणी येत नाही, ही खरी दुखरी जागा आहे. नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे होते, तक्रारही तिथे करता येते. पण तक्रार होईपर्यंत दवाखान्यात कुणी डोकावत नाही. दंतमहाविद्यालयात आम्हाला हे सगळं शिकवलं होतं. बाहेर पडल्यावर ते पाळायचं की नाही, हे ज्याच्या-त्याच्या मनावर.

ऑटोक्लेव्हची खरी परीक्षा म्हणजे बीजाणूंची कुपी. सूक्ष्मा, तुम्हीच सांगा, आठवड्याला एकदा ती लावणारे किती दवाखाने तुमच्याकडे येतात?

सूक्ष्मा

बोटांवर मोजण्याइतके. तंत्र मात्र अगदी साधं आहे. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस हा उष्णतेला फार चिवट जीवाणू, त्याचे बीजाणू एका छोट्या कुपीत असतात. कुपी सामानाबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये जाते. बाहेर आल्यावर आतली काचेची बारीक नळी फोडून उबदार ठेवायची. जांभळी राहिली तर यंत्राने काम केलं, पिवळी झाली तर बीजाणू जिवंत आहेत. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला म्हणजे उष्णता लागली एवढंच कळतं. जंतू मेले की नाही ते ही कुपी सांगते.

रुई

इतका वेळ वाचत होते. लिहू की नको असं होत होतं.

मला हेपटायटिस बी आहे. आईकडून जन्मतःच आलेला. औषधं नियमित चालू आहेत. दोन वर्षांपूर्वी रूट कॅनालसाठी गेले तेव्हा फॉर्मवर खरं लिहिलं. पहिल्या ठिकाणी सांगितलं की मशीन बिघडलंय. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, रविवारी शेवटची या, सगळे गेल्यावर. तिसऱ्या ठिकाणी मी फॉर्मवर "काही आजार नाही" असं लिहिलं. माझ्या दाताचं काम झालं. पण त्या डॉक्टरांनी माझ्यानंतर तो हँडपीस वाफेत घातला का, हा विचार मला आजही छळतो. माझ्यानंतर खुर्चीत एक शाळकरी मुलगी बसली होती.

वळीव

रुईताई, तुमच्यामुळे काही झालं असेल तर त्याचा दोष तुमच्याकडे नाही. आमच्या मॅडम म्हणायच्या, ज्यांनी फॉर्म भरलाय त्यांची मला भीती नाही, ज्यांना स्वतःलाच माहीत नाही त्यांची आहे.

कातळ

रुई, व्यवसायातर्फे माफी मागतो.

नियम असा आहे की खुर्चीत बसणारा प्रत्येक माणूस संसर्ग असलेला आहे असं धरूनच काम करायचं. तुमच्यासाठी वेगळा ट्रे, वेगळा वार, वेगळी वेळ, यातलं काहीही लागत नाही. लागत असेल तर त्याचा अर्थ एवढाच की बाकीच्यांसाठी तो दवाखाना पुरेसं करत नाही. हेपटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो, म्हणजे रविवारी बोलावूनही पुढच्या आठवड्याचं संरक्षण होत नाही. पण ऑटोक्लेव्हमध्ये तो टिकत नाही. आणि एचआयव्हीच्या रुग्णाला उपचार नाकारायला तर २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

तुम्ही कुठल्या भागात आहात ते मला व्यक्तिगत संदेशात कळवा. मी चांगलं काम करणाऱ्यांची नावं देतो.

जुना पार

नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होतो, आता निवृत्त. दवाखान्याच्या मागच्या दाराचंही कुणीतरी बोलावं म्हणून लिहितो. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम अगदी एका खुर्चीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. रक्ताचा कापूस, काढलेला दात पिवळ्या पिशवीत. हातमोजे, नळ्या, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. सुया, ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. काच निळ्यात. ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, नेमलेल्या गाडीला द्यायचं. चांदी भरलेला दात मात्र जाळायच्या पिशवीत टाकू नये, त्यातला पारा हवेत जातो.

माझ्या एका सफाई कामगाराच्या तळहातात ओल्या कचऱ्याच्या पोत्यातून सुई गेली होती. बारीक, लांब, दाताच्या भुलीची. सहा महिने तो माणूस रिपोर्टची वाट बघत जगला. रिपोर्ट चांगला आला, पण त्या सहा महिन्यांत त्याने लहान मुलीला कडेवर घेतलं नाही. कुणी कितीही समजावलं तरी नाही.

फळा

आमच्या शाळेत दंत तपासणी शिबिर झालं तेव्हा तीनशे मुलं आणि पाच आरसे होते, मधे एका पेल्यात औषधी पाणी. आता लक्षात येतंय. पुढच्या महिन्यात पुन्हा शिबिर आहे. काय सांगू त्यांना?

कातळ

फळा सर, सांगा की आरसे आणू नका. टॉर्च आणि जीभ दाबायची लाकडी पट्टी, एका मुलाला एक, मग कचऱ्यात. कीड, सूज, वाकडे दात एवढं त्यात दिसतं. ज्याला जास्त बघायला हवं त्याला चिठ्ठी देऊन दवाखान्यात बोलवायचं. आणि दोन मुलांच्या मधे हातमोजे बदलायचे, किंवा तोंडाला हातच लावायचा नाही.

शेवंती

बारा दिवसांनी पुन्हा लिहितेय.

जखम दाखवायला त्याच दवाखान्यात जायचं होतं. घरचे म्हणत होते दुसरीकडे जा. पण मला वाटलं, ज्यांनी केलं त्यांनाच विचारावं. दुपारी गर्दी नसताना गेले. आधी जखम दाखवली, ती छान भरतेय. मग म्हटलं, "डॉक्टर, त्या दिवशी पकड पाकिटातून नव्हती निघाली. तुमच्याकडे ऑटोक्लेव्ह आहे ना?"

त्यांचा चेहरा उतरला. आधी म्हणाले, आहे की. मी थांबले. मग ते उठले आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेले. यंत्र तिथेच ओट्यावर होतं, वर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. झाकणाची रबरी रिंग गेलेली. दोन महिने. वाफ बाजूने निसटत होती, दाब चढत नव्हता. कोल्हापूरचा मेकॅनिक येतो म्हणत होता आणि येत नव्हता, पेशंट मात्र रोज येत होते, म्हणून डब्यावर चालवलं. हे सगळं त्यांनी मान खाली घालून सांगितलं. म्हणाले, आजवर कुणी विचारलं नव्हतं.

घरी कुकरची रिंग गेली तर आपण संध्याकाळच्या आत नवी आणतो. हे मी त्यांना बोलून दाखवलं. वाईट वाटलं असेल, पण बोलले.

कातळ

ताई, धाडस केलंत. त्यांना सांगा, रिंग येईपर्यंत दात काढणं थांबवा. ते शक्य नसेल तर गावातल्या एखाद्या शस्त्रक्रियेच्या रुग्णालयाला विनंती करा, तिथे रोज ऑटोक्लेव्ह लागतो, त्यात आपली पाकिटं घालून द्या म्हणावं. मी माझं यंत्र बिघडलं तेव्हा आठ दिवस हेच केलं होतं. स्कूटरवर डबा घेऊन जायचो. आणि रिंग बसल्यावर पहिल्या फेरीत बीजाणूंची कुपी लावायला सांगा.

शेवंती

तुमचा प्रतिसाद त्यांना फोनवर वाचून दाखवला. गुरुवारी त्यांचा मेसेज आला, रिंग बसली. कुपी कुठे मिळते ते विचारत होते, सूक्ष्मा, तुम्ही सांगाल का? मदतनीस मुलीच्या लसीचंही मी विचारलं, पहिलं इंजेक्शन झालंय.

सासूबाईंचे तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. पुढची तपासणी दिवाळीच्या आसपास आहे.

सूक्ष्मा

व्यक्तिगत संदेश केलाय. पहिली कुपी आमच्याकडे पाठवा म्हणावं, मी स्वतः लावते.